बांधलेले अस्वल आणि प्रकाशाची बंदूक

नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर समीक्षा लिहावी काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कविता, कादंबरी, नाटक, फार तर चित्रपट, एवढीच समीक्षेची शीव आपण मानीत आलो. तथापि ज्या वस्तूत कोणी विषय निवडला आहे, कोणी चित्र रंगवले आहे, पाहणाऱ्याने कोठे उभे राहावे हे ठरविले आहे आणि खेळ संपल्यावर त्याच्या मनात कोणता भाव उरावा याचाही हिशेब केला आहे, ती वस्तू समीक्षेच्या कक्षेबाहेर कशी राहील? विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत तयार झालेल्या विद्युत्-यांत्रिक करमणूक-यंत्रांत, विशेषतः शिकारीचा विषय घेतलेल्या यंत्रांत, हे सारे आहे. त्यांपैकी शिकागोच्या सीबर्ग कंपनीच्या 'शूट द बेअर' या यंत्राचा येथे सविस्तर विचार करावयाचा आहे. तुलनेसाठी त्याच घराण्यातील पिनबॉल यंत्रे शेजारी ठेवू.

काही वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत गेलो असता एका खासगी संग्रहात हे यंत्र चालू स्थितीत पाहावयास मिळाले, आणि संग्राहकाच्या सौजन्याने हाताळावयासही मिळाले. एका टोकास मोठी, दर्शनी काचेची पेटी. तिच्या आत रंगविलेले अरण्य. त्या अरण्यापुढून एक अस्वल सरकत जाते. पेटीपासून काही अंतरावर, वेगळ्या खांबावर बसविलेली बंदूक. ती आकाराने व वजनाने खऱ्या रायफलीच्या जवळ जाणारी आहे, आणि पेटीशी तिचा संबंध केवळ एका जाड तारेचा. खेळणारा खांद्याला दस्ता लावतो, नेम धरतो, चाप ओढतो. नेम बरोबर लागला, तर अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राहते, गुरगुरते, वळते आणि उलट दिशेने चालू लागते. गुणफलकावर एक आकडा वाढतो. पुन्हा नेम, पुन्हा चाप, पुन्हा गुरगुर. ठरलेल्या बारांची संख्या संपली, की दिवे मंदावतात.

या यंत्राचे अंतरंग पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून थोडे त्याविषयी. बंदुकीतून गोळी, छर्रा किंवा बुचाचा तुकडा असे काहीही सुटत नाही. नळीत दिवा आहे आणि पुढे भिंग आहे. चाप ओढताच प्रकाशाची एक बारीक शलाका क्षणमात्र बाहेर पडते. अस्वलाच्या दोन्ही कुशींवर आणि पोटावर छोट्या खिडक्या असून त्यांच्या आड प्रकाशग्राही नळी आहे. प्रकाश पडला की जिच्यातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहू लागतो अशी ही नळी. तो क्षीण प्रवाह निर्वात नळ्यांच्या साहाय्याने वाढविला जातो, त्याने एक रिले ओढला जातो, आणि त्या रिलेच्या आज्ञेने मोटर दिशा बदलते, सांगाडा उभा राहतो, आवाज निघतो, आकडा पुढे सरकतो. आज आपल्या दूरदर्शन-संचाच्या रिमोटमध्ये अदृश्य प्रकाशाने जे चालते, त्याच जातीची ही युक्ती. मात्र ती १९३० च्या दशकातील आहे. सीबर्गने १९३६ मध्ये 'रे-ओ-लाइट' नावाचे बदकांच्या शिकारीचे यंत्र याच तत्त्वावर बाजारात आणले होते. त्यात बदक उडत जाई आणि प्रकाश लागताच खाली पडे. अस्वल आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर दोन-चार वर्षांत.

सीबर्ग ही मुळात संगीताची यंत्रे बनविणारी कंपनी. तिचा संस्थापक जस्टस सीबर्ग स्वीडनहून आलेला. आपोआप वाजणारे पियानो आणि नंतर नाणे टाकून तबकडी ऐकविणारे ज्यूकबॉक्स यांमुळे त्या घराण्याचे नाव झाले. १९४८ मध्ये शंभर गाणी निवडता येतील असा ज्यूकबॉक्स याच कंपनीने काढला. ही पार्श्वभूमी दुर्लक्षिण्याजोगी नाही. कोणत्या क्षणी कोणता आवाज निघाला म्हणजे माणूस दुसरे नाणे खिशातून काढतो, याचे ज्ञान या मंडळींना संगीताने दिले होते. अस्वलाची गुरगुर हा त्या ज्ञानाचाच एक भाग आहे.

आता शेजारी पिनबॉल ठेवून पाहू. आपल्या जुन्या घरांतून उन्हाळ्याच्या सुटीत मुले ज्या खिळ्यांच्या फळीवर लोखंडी गोळ्या उडवीत, ते बॅगाटेल वाचकांना आठवत असेल. पिनबॉल हा त्याचाच मोठा झालेला वंशज. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ मध्ये बॅगाटेलच्या सुधारणांचे पेटंट घेतले, आणि त्यात गोळी उडविणारा स्प्रिंगचा दांडा होता. १९३१ मध्ये गॉटलीब कंपनीच्या 'बॅफल बॉल'ने हा खेळ मंदीच्या काळात घरोघरी नव्हे, पण दुकानोदुकानी नेला. १९४७ मध्ये त्याच कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त खेळणाऱ्याच्या हाती बटणावर चालणारे फ्लिपर आले, आणि घरंगळणारी गोळी परत वर फेकणे शक्य झाले. तेथपासून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ही यंत्रे रिले, सोलेनॉइड, फिरत्या आकड्यांची चाके आणि घंटा यांवर चालली. पुढे मायक्रोप्रोसेसर आला आणि ती खडखड थांबली.

पिनबॉलच्या काचेवर आणि फळीवर चित्रे असतात. त्यांचे विषय अनंत: सर्कस, पत्ते, अंतराळ, घोड्यांच्या शर्यती, आणि अर्थातच जंगल. गॉटलीबने १९७२ मध्ये 'जंगल' आणि 'वाइल्ड लाइफ' काढली. १९७७ मध्ये 'जंगल क्वीन' आणि 'जंगल प्रिन्सेस' काढली. या शेवटच्या जोडीतील पहिले यंत्र चार खेळाडूंसाठी आणि दुसरे दोघांसाठी, मांडणी मात्र एकच. म्हणजे जंगल येथे रंगात आहे, यंत्रात नाही. तीच फळी, तेच फ्लिपर, त्याच रबरी कडा ठेवून वाघाच्या जागी विदूषक रंगविला, तर गोळीच्या वागण्यात तसूभर फरक पडणार नाही. गोळी म्हणजे शिकारी की सावज, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही, कारण तो प्रश्न त्या यंत्राला पडलेलाच नाही. शिकारीचा विषय असलेला पिनबॉल हा ऐतिहासिक वेष चढविलेल्या पण संवादांत इतिहासाचा मागमूस नसलेल्या नाटकासारखा असतो. नेपथ्य उत्तम असेल, पण नाटक दुसरेच कुठले तरी.

'शूट द बेअर'चे तसे नाही. त्यात विषय यंत्राच्या हाडामांसात आहे. अस्वल काढून तेथे पत्ता ठेवला, तर त्या उभे राहण्याला आणि वळण्याला काही अर्थ उरणार नाही. रचना आणि आशय यांची एकरूपता ही जर कलाकृतीची कसोटी मानावयाची, तर या दोहोंत सीबर्गचे यंत्र निःसंशय वरच्या पायरीवरचे आहे. आमच्या मते त्यातील सर्वोत्तम कल्पना ती गुरगुर नसून ते वळणे आहे. बदक पडते आणि पुढचे बदक येते. अस्वल मात्र पडत नाही. लागलेला प्रकाश त्याला जाणवतो, आणि त्या जाणिवेने त्याचा मार्ग बदलतो. नेम आपण धरतो, पण प्रकाश पाहणारा डोळा त्या प्राण्याच्या अंगावर आहे. बंदूक आंधळी आणि सावज डोळस, अशी ही उलटी मांडणी कारागिरांनी बहुधा केवळ सोयीसाठी केली असेल. परंतु कृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूशी बांधलेला नसतो, हे साहित्याच्या वाचकांस सांगावयास नको.

एवढी प्रशंसा केल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शिकारीतून या यंत्राने काय गाळले आहे?

आपल्यापैकी अनेकांची घराणी ज्या संस्थानांच्या आश्रयाने मध्य हिंदुस्थानात व गुजरातेत स्थिरावली, त्या संस्थानांत शिकार हा राजशिष्टाचाराचा भाग होता. वाड्यांच्या भिंतींवरील मुखवटे, पायाखालची कातडी, पाहुण्यांसह काढलेली छायाचित्रे आपण पाहिली आहेत. ती शिकार निर्मळ होती असे आम्ही म्हणणार नाही. हाकाऱ्यांच्या रांगा, मचाण, बांधलेला रेडा, आणि पुष्कळदा अगोदरच ठरलेला शेवट. तरीही तिच्यात दोन गोष्टी चुकत नसत. एक म्हणजे बारापूर्वीची दीर्घ शांतता, आणि दुसरी म्हणजे बारानंतरचे प्रेत. जनावर जखमी होऊन झुडपांत शिरले, तर त्याचा माग काढणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य मानले जाई, कारण जखमी जनावर दुसऱ्या कोणाचा तरी जीव घेई.

सीबर्गच्या पेटीत शांतता नाही, आणि प्रेतही नाही. मोटर सतत फिरते, अस्वल सतत येते. मध्ये उरतो तो निव्वळ नेम. आम्ही मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत असताना वनक्षेत्रालगतच्या तालुक्यांत काही वर्षे काढली. मोहाच्या हंगामात पहाटे फुले वेचावयास गेलेल्या स्त्री-पुरुषांची अस्वलाशी गाठ पडे, कारण अस्वलालाही मोह प्रिय. त्या प्रकरणांतील भरपाईचे अर्ज आमच्या टेबलावरून गेले आहेत. कोणाचा डोळा गेलेला, कोणाची कवटी फाटलेली, आणि अर्जाखाली अंगठा. त्या अर्जांमधले अस्वल आणि काचेमागचे अस्वल यांत नाव सोडल्यास काही समान नाही. काचेमागचे अस्वल कोणावर धावून येत नाही, त्याला भूक नाही, पिल्ले नाहीत, आणि त्याच्या हद्दीत आपण शिरलो आहोत असे ते कधी सुचवीत नाही. त्याच्या क्रोधाचा सूरही आपल्या मनोरंजनासाठी जुळविलेला आहे.

यावर कोणी म्हणेल की खेळण्याकडून इतकी अपेक्षा कशासाठी? मूल लाकडी घोड्यावर बसते तेव्हा आपण त्याला घोड्याच्या आहाराविषयी विचारीत नाही. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात सापडते, आणि तेही एका अस्वलाच्याच कथेत.

नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीस गेले होते. वाटाड्या होल्ट कॉलियर हा पूर्वी गुलामगिरीत राहिलेला, अस्वलाच्या शिकारीत नाणावलेला कृष्णवर्णीय गृहस्थ. कुत्र्यांनी घेरलेले एक अस्वल त्याने झाडाला दोराने बांधून ठेवले आणि अध्यक्षांना बोलावणे पाठविले. रूझवेल्टांनी त्यावर गोळी झाडण्यास नकार दिला. बांधलेले जनावर मारणे हे शिकाऱ्याच्या धर्माविरुद्ध, अशी त्यांची भूमिका होती. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमन याने त्यावर व्यंगचित्र काढले, ब्रुकलिनमधील एका दुकानदार दांपत्याने कापडी अस्वल शिवून त्याला 'टेडीचे अस्वल' असे नाव दिले, आणि जगातील मुलांना टेडी बेअर मिळाले. या गोष्टीचा शेवट मात्र क्वचितच सांगितला जातो. ते अस्वल वाचले नाही. ते इतके घायाळ होते, की त्याच्या यातना संपविण्याचा आदेश रूझवेल्टांनीच दिला आणि ते सुऱ्याने मारले गेले.

ही कथा डोळ्यांपुढे ठेवून सीबर्गची पेटी पाहावी. तिच्यातले अस्वल बांधलेलेच आहे. दोराऐवजी रूळ आहे, एवढाच भेद. ज्या राष्ट्राने बांधलेल्या अस्वलावर गोळी न झाडण्याच्या कथेतून आपल्या मुलांचे सर्वांत लाडके खेळणे घडविले, त्याच राष्ट्राने अर्ध्या शतकाच्या आत बांधलेल्या अस्वलावर पुन्हापुन्हा बार टाकण्याचे यंत्र केले, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. कारण उघड आहे. येथे अस्वलाला इजा होत नाही. परंतु रूझवेल्टांचा नकार केवळ अस्वलाच्या इजेपुरता नव्हता, नाहीतर त्यांनी सुऱ्याचा आदेश दिला नसता. तो नकार स्वतःविषयी होता. बांधलेल्यावर नेम धरणारा माणूस आपण व्हावयाचे की नाही, एवढाच त्यांच्यापुढील प्रश्न होता. काचेपुढे बंदूक धरून उभ्या राहिलेल्यालाही, इजेचा प्रश्न वगळल्यावर, नेमका तोच प्रश्न उरतो.

आणि येथेच या यंत्रकुलाच्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान उलटावे लागते. बदकांनंतर आणि अस्वलापूर्वी सीबर्गने 'चिकन सॅम' नावाचे यंत्र काढले होते. त्यात सावज म्हणून कोंबड्या चोरणारा एक भटक्या माणूस होता. प्रकाश लागला की तो दचकून वळे. अस्वलाचे वळणे ही त्याच युक्तीची पुढची आवृत्ती म्हणता येईल. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत करमणुकीच्या यंत्रांचे उत्पादन थांबविण्यात आले, तेव्हा जुन्या यंत्रांची रूपे पालटण्याचा धंदा निघाला. 'चिकन सॅम'मधील भुरट्याची आकृती काढून तेथे हिटलरची किंवा जपानी सैनिकाची आकृती बसविण्यात आली. तारा त्याच, नळ्या त्याच, बंदूक तीच. युद्ध संपले आणि अरण्य रंगवून अस्वल आणले गेले. बदक, भुरटा, शत्रू, अस्वल: प्रकाशाच्या शलाकेला चौघे सारखेच.

आम्ही वर म्हटले, की पिनबॉलमध्ये विषय रंगात असतो आणि सीबर्गच्या यंत्रात तो हाडामांसात असतो. या पानापुढे त्या विधानाला मर्यादा घालावी लागते. कारागिरीच्या दृष्टीने अस्वल यंत्राशी एकरूप आहे, हे खरेच. पण नेमाच्या दृष्टीने अस्वलाची जागाही कोणालाही देता येते. ज्याला सावज ठरविले तो सावज. पिनबॉलमध्ये वाघाच्या जागी विदूषक आला तर काही बिघडत नाही, कारण तेथे कोणी कोणावर नेम धरलेला नसतो. बंदुकीच्या यंत्रात प्राण्याच्या जागी माणूस येतो, तेव्हा बिघडते ते बरेच.

या संदर्भात पिनबॉलला एक श्रेय दिले पाहिजे. हा खेळ नशिबाचा, म्हणजे जुगाराचा, असे मानून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली. महापौर ला ग्वार्डिया यांनी जप्त केलेली यंत्रे हातोड्याने फोडून घेतली. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प या तरुण लेखकाने शहराच्या समितीपुढे यंत्र खेळून दाखविले. गोळी कोणत्या मार्गाने जाईल हे त्याने आधी सांगितले, ती तशी गेली, आणि कौशल्याचा पक्ष मान्य झाला. म्हणजे पिनबॉललाही प्रतिष्ठा मिळाली ती नेमाच्याच जोरावर. पण त्या यंत्रात नेमाला लगाम घालणारी एक वस्तू आहे. पेटीच्या आत एका कड्यामधून छोटा लंबक लोंबत असतो. खेळणाऱ्याने अधीर होऊन यंत्राला फार जोराचा धक्का दिला, की लंबक कड्याला टेकतो, 'टिल्ट' हा दिवा लागतो, फ्लिपर निष्प्राण होतात आणि डाव जातो. हलका धक्का चालतो, आणि किंबहुना जाणकार खेळाडू तो कौशल्याने देतातच. अतिरेक मात्र खपत नाही. मर्यादेची ही जाणीव यंत्राच्या पोटात आहे. सीबर्गच्या बंदुकीला असा लंबक नाही. तेथे बारांची संख्या मर्यादित आहे, पण ती नाण्याच्या हिशेबाने. संयमाशी तिचा संबंध नाही.

ही यंत्रे आज संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या तळघरांत उरली आहेत. मग त्यांची चर्चा आज का करावी? कारण शिकार खऱ्या अर्थाने थांबली आणि खेळातली शिकार उरली. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे शिकारीचे रान असलेले शिवपुरीचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले, तेथे २०२३ मध्ये वाघ आणून सोडले गेले आणि २०२५ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा, की आपल्या नातवंडांना शिकार म्हणजे काय याची जी काही कल्पना येते, ती पूर्णतः यंत्रांनी दिलेली असते. १९८४ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'डक हंट' हा दूरदर्शनच्या पडद्यावरील खेळ काढला. १९९० च्या दशकात त्याच्या नकला आपल्या गावांतील दुकानांतही मिळत. नारिंगी किंवा करडी प्लास्टिकची बंदूक पडद्यावर रोखून बदके टिपणारी मुले अनेक घरांनी पाहिली. त्या बंदुकीची रचना जाणून घेण्यासारखी आहे. तिच्यातून प्रकाश बाहेर जात नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, सावजाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राही घटक तो टिपतो. म्हणजे अर्ध्या शतकात डोळा सावजाच्या अंगावरून निघून बंदुकीत गेला. अस्वल निदान शिकाऱ्याचा प्रकाश पाहत होते. पडद्यावरच्या बदकाला ते भाग्य नाही. त्याला दिसत नाही, केवळ ते दिसते. तंत्राच्या दृष्टीने हा साधा, स्वस्त आणि चतुर बदल आहे. सावज आणि शिकारी यांच्यातील उरलासुरला परस्परसंबंधही त्यात तुटला, असे आम्हांस वाटते.

कृत्रिम सावज ही काही पाश्चात्त्यांची नवलाई नव्हे. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्यांनी शिष्यांच्या परीक्षेसाठी झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला भास पक्षी शिल्प्यांकडून मुद्दाम घडवून घेतलेला, म्हणजे कृत्रिमच होता. ही कथा आपण मुलांना एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो. अर्जुनाला केवळ पक्षी दिसतो, पक्ष्याचेही केवळ मस्तक, लोकांच्या तोंडी केवळ डोळा. तो नेम मारतो आणि गुरूंच्या कौतुकास पात्र होतो. त्याआधी युधिष्ठिराला तोच प्रश्न विचारलेला असतो. त्याला झाड दिसते, आचार्य दिसतात, भाऊ दिसतात, आणि पक्षीही दिसतो. आचार्य नाराज होऊन त्याला बाजूला व्हावयास सांगतात.

धनुर्विद्येची परीक्षा म्हणून आचार्यांचा निकाल बिनचूक होता. सीबर्गचे यंत्रही तोच निकाल देते, आणि त्यानंतरची सर्व यंत्रे तोच देत आली आहेत. गुण अर्जुनाला मिळतात. ज्याला अस्वलाबरोबर रूळ दिसतो, रंगविलेले अरण्य दिसते, कालपर्यंत त्या जागी कोणाची आकृती होती हे दिसते, त्याचा नेम चुकतो आणि नाणे वाया जाते. असे वाया गेलेले नाणे समीक्षकाने आनंदाने सोसावे. ज्याला सारे दिसले त्याच्याच हाती पुढे राज्य आणि न्याय सोपविले गेले, हेही महाभारतच सांगते. आमच्या नातवंडांनी नेम धरावा, तो अचूक लागावा, यात आम्हांस आनंदच आहे. चाप ओढण्यापूर्वी काचेमागे आज कोणाला उभे केले आहे, एवढे त्यांनी एकदा पाहून घ्यावे.